नोव्हिसमधून वर कधी जायचं?

"ताई, यंदा प्रो-स्टॉकला नाव देऊ का?" मोटरसायकल रेसिंगचा सीझन संपत आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या गॅरेजात हा प्रश्न येतोच: नव्यांच्या नोव्हिस क्लासमधून वरच्या प्रो-स्टॉक क्लासमध्ये जाऊ का? विचारणारा मोबाइलवर ट्रॉफीचा फोटो उघडून उभा असतो. मी त्याच्याकडे टाइमशीट मागते. पुढचे दोघं पडले तरी तिसऱ्याला ट्रॉफी मिळते. टाइमशीटवर मात्र एकेक लॅप, म्हणजे ट्रॅकच्या एकेका फेरीची वेळ, उतरलेला असतो, आणि वर जायचं की नाही ते त्यातून कळतं.

मी गाड्या तयार करते आणि रेसला पिट बोर्ड, म्हणजे रायडरला वेळ-क्रमांक दाखवायची पाटी, धरते. कोल्हापूरवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 बंगळूर मागे टाकून श्रीपेरुंबुदूरकडे जातो, आणि तिथेच इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक आहे. पूर्वी त्याला मद्रास मोटर रेस ट्रॅक म्हणत, आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट. साधारण 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा. आमची बहुतेक पोरं तिथेच रेस शिकली, म्हणून सगळी उदाहरणं तिथलीच देते.

राष्ट्रीय स्पर्धेत नवा रायडर बहुधा नोव्हिसमध्ये येतो, 165 सीसीच्या स्टॉक गाडीवर. त्याच्यावर 165 सीसी प्रो-स्टॉक, आणि आणखी वर 301 ते 400 सीसी. स्टॉकमध्ये गाडीला हात लावायची मुभा फार थोडी. प्रो-स्टॉकमध्ये इंजिन आणि सस्पेन्शनवर काम करता येतं, त्यामुळे रायडरच्या जोडीला मेकॅनिकचीही परीक्षा होते. किती निकालांनंतर नोव्हिसमध्ये राहता येत नाही, हे त्या-त्या सीझनच्या नियमपत्रात असतं. ते आधी वाचा. नियमानेच वर काढलं असेल तर निर्णय झालेला आहे, तयारीला लागा.

निर्णय तुमच्या हातात असेल तर कागद-पेन घ्या. रेसचा पहिला लॅप खोडा, कारण तो उभ्या गाडीने सुरू होतो. पिवळा झेंडा (पुढे धोका) होता तो लॅपही खोडा. समजा सहा लॅपच्या रेसमधले पाच उरले: 2:10.2, 2:09.8, 2:10.6, 2:12.9, 2:10.4. लहानापासून मोठ्याकडे लावा आणि मधला घ्या. इथे तो 2:10.4. सर्वात चांगला लॅप मी बघत नाही, तो कुणाच्या तरी स्लिपस्ट्रीममध्ये, म्हणजे पुढच्या गाडीमागे हवेच्या आडोशाला, बसून आलेला असू शकतो. चांगला आणि मधला यांतलं अंतर अर्ध्या टक्क्याच्या आत हवं. 130 सेकंदांच्या लॅपला अर्धा टक्का म्हणजे 0.65 सेकंद, वर ते 0.6 आहे, ठीक. पण 2:12.9 का झाला, हे रायडरला शीट न बघता सांगता आलं पाहिजे. "ब्रेक उशिरा मारला, रुंद गेलो, मागचा आत शिरला" असं उत्तर आलं तर मला तो लॅप चालतो. "माहीत नाही" म्हणाला तर अजून एक सीझन खाली, असं मी स्पष्ट सांगते.

आता वरच्या क्लासशी तुलना. स्टॉक गाडीची वेळ प्रो-स्टॉकच्या शेजारी ठेवून काही कळत नाही, गाड्याच वेगळ्या. म्हणून प्रॅक्टिसच्या दिवसाला कुणाची तरी प्रो-स्टॉक गाडी मिळवा, भाड्याने का होईना, आणि सकाळ-दुपार दोन्ही वेळेला चालवा. चेन्नईच्या उन्हात दुपारी टायरची पकड बदलते. सकाळच्या वेळेची तुलना कुणाच्या दुपारच्या रेसशी करू नका. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या वेळाही इथे लावू नका. तो 2.1 किलोमीटरचा ट्रॅक आहे, तिथला सेकंद वेगळा.

त्या गाडीवरचा तुमचा मधला लॅप प्रो-स्टॉकच्या विजेत्याच्या मधल्या लॅपपासून तीन टक्क्यांच्या आत असेल तर वर जा. पाच टक्क्यांच्या पुढे असेल तर थांबा. हे माझं स्वतःचं माप आहे, नियमपत्रातलं नाही, आणि त्यामागे कारण आहे. विजेता 2:05 ने फिरतोय असं धरा. पाच टक्के म्हणजे लॅपला 6.25 सेकंद, सहा लॅपमध्ये 37 सेकंदांवर. या वेगाला गाडी सेकंदात 28-29 मीटर कापते, म्हणजे शेवटी तुम्ही किलोमीटरभर मागे. तिसऱ्या लॅपपासून पुढे कुणी दिसत नाही, मागेही कुणी नाही. एकट्याने फिरायचं तर ते प्रॅक्टिसमध्येही होतं, त्यासाठी एंट्री फी भरायला नको. तीन टक्क्यांच्या आत असलात की शेवटच्या घोळक्यात का होईना, दोन-तीन जण सोबत असतात. ते कुठे ब्रेक मारतात, कुठून आत शिरतात, हे प्रत्येक लॅपला समोर दिसतं. वर जायचं ते त्या घोळक्यासाठी.

तीन आणि पाचच्या मधे असाल तर वेळ बाजूला ठेवा आणि ओव्हरटेक मोजा. तुम्ही पुढे जाता ते कुठे? सरळीवर जात असाल तर स्वतःचं वजन बघा. 165 सीसीच्या स्टॉक गाडीला 17-18 अश्वशक्ती असते. त्यावर 48 किलोचं पोरगं आणि 75 किलोचा बाप्या यांत सरळीवर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हलकी पोरं नोव्हिस जिंकतात, घरच्यांना वाटतं पोरगं तयार झालं. 301 ते 400 च्या गाड्यांत ताकद दुपटीच्या वर, तिथे वजनाचा फायदा बराच आटतो आणि सगळं ब्रेकवर येतं. म्हणून मी विचारते: ब्रेक मारताना, वळणात शिरण्याआधी किती जणांना मागे टाकलंस? आणि टाकल्यावर तो वळणाच्या बाहेर पडताना परत पुढे गेला का? गेला असेल तर तो ओव्हरटेक मी धरत नाही.

पहिला लॅप वर खोडायला सांगितला, पण इथे तोच महत्त्वाचा. मुख्य सरळीच्या शेवटी सी-वन हे वेगवान उजवं वळण आहे. प्रो-स्टॉकचा पूर्ण ग्रिड, म्हणजे सुरुवातीच्या रांगांतल्या सगळ्या गाड्या, तिथे एकदम पोहोचतो आणि छोट्या गाडीवर फारसं कुणी थ्रॉटल सोडत नाही. नोव्हिसच्या सुरुवातीलाच तुमच्या जागा जात असतील, कोपराला कोपर लागला की हात आखडत असतील, तर वर हेच दुप्पट होईल. हे सुधारता येतं, पण ते खाली सुधारलेलं बरं. तिथे वेग कमी आणि सोबतचे तुमच्याइतकेच नवे.

पडण्याबद्दल. रेसिंग करणारा पडणारच. मला एवढंच हवं असतं की उठून पिटमध्ये आल्यावर, व्हिडिओ बघण्याआधी, पुढचं चाक निसटलं की मागचं आणि त्या क्षणी हात काय करत होता, हे त्याला सांगता यावं. आणि घरच्यांना माझा प्रश्न असतो: एकदा जोरात पडला, फेअरिंग, फूटपेग, क्लिप-ऑन हँडल, सगळं गेलं, तरी पुढच्या राउंडला गाडी उभी करता येईल का? नसेल तर पडायच्या भीतीने तो हात राखून चालवणार, आणि राखून चालवणारा वरच्या क्लासमध्ये इतरांनाही धोक्यात घालतो. अशा वेळी नोव्हिसमध्येच राहून पैसे टायरवर आणि प्रॅक्टिसवर घालावेत असं मी सुचवते.

उलटं सांगणंही तितकंच गरजेचं आहे. काहीजण सगळ्या कसोट्या पार करूनही वर जात नाहीत. खाली जिंकतात, चौकात फ्लेक्स लागतो, आणि वर गेल्यावर बारावा आलो तर लोक काय म्हणतील, ही धास्ती बसते. मला हे पटत नाही. नोव्हिसचा ग्रिड नव्यांसाठी आहे. तीन-चार सेकंदांनी पुढे पळणारा माणूस तिथे त्यांची जागा अडवतो, आणि त्याचा स्वतःचा ब्रेकिंग पॉइंट तिथेच गोठतो, कारण त्याला कुणी ढकलतच नाही. सलग दोन राउंड शेवटचे दोन लॅप मोकळ्या ट्रॅकवर फिरला असाल तर फ्लेक्सचा विचार सोडा आणि वर जा.

मुलींच्या 165 सीसी स्टॉक क्लासमधल्या रायडरना माझं मुद्दाम सांगणं आहे. गाडी तीच, ट्रॅक तोच, बहुतेक वेळा शनिवार-रविवारही तोच. नोव्हिसचं शीट शेजारी ठेवा आणि थेट तुलना करा. इथे टक्क्यांचा खेळ करावाच लागत नाही. नोव्हिसच्या पहिल्या दहांत तुमचा मधला लॅप बसत असेल तर नियमपत्र परवानगी देतं का बघा आणि मिश्र ग्रिडला उतरा. घरचे घाबरतात. त्यांना पिटमध्ये आणून शीट हातात द्या, मी स्वतः समजावेन.

बदल शक्यतो सीझनच्या सुरुवातीला करा. मधेच वर गेलात तर खालचे गुण वाया जातात आणि वरच्या तक्त्यात निम्मा सीझन गेल्यावर सुरुवात होते. पहिल्या सीझनला मी पिट बोर्डावर क्रमांक लिहीतच नाही, फक्त लॅपची वेळ आणि उरलेले लॅप. पहिल्या प्रॅक्टिसला सर्वात वेगवान रायडरच्या मागे लागू नका. तक्त्याच्या शेवटच्या तिसऱ्या भागातला एखादा शांत, जुना रायडर निवडा आणि चार लॅप त्याच्या मागे फिरा. निळा झेंडा (मागून वेगवान रायडर येतोय) दिसला तर आपली लाइन सोडू नका, मागचा वेगवान माणूस वाट काढतो. जानेवारीत एफएमएससीआयच्या (देशातल्या मोटरस्पोर्टच्या नियामक संस्थेच्या) लायसन्सचं नूतनीकरण आणि मेडिकल उरकून घ्या. हेल्मेट, लेदर सूट आणि बॅक प्रोटेक्टर स्क्रुटिनीला, म्हणजे रेसआधीच्या तपासणीला, चालतील का, हे घरीच नियमपत्राशी ताडून बघा. चेन्नईत शुक्रवारी सकाळी बॅक प्रोटेक्टर शोधत फिरलात तर पहिलं प्रॅक्टिस हातचं जातं.