खिडकीतल्या दुधीला फळ धरत नसेल तर

मुंबईत इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडकीच्या ग्रिलवर चढवलेल्या दुधीला फुले भरपूर येतात, पण बोटाएवढे झालेले कोवळे दुधी पिवळे पडून गळून जातात. नर व मादी फुले वेगवेगळी असलेल्या या वेलावर पराग पोहोचवणारे कीटक तेथे पुरेसे येत नाहीत, हे त्याचे एक मुख्य कारण असते आणि खत वाढवून ते दूर होत नाही.

अशा वेळी परागीकरण हाताने करावे. दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात, म्हणून हे काम दिवेलागणीला करावे. लाल भोपळा, काकडी आणि कारले यांच्यासाठी मात्र सकाळची वेळ गाठावी. मादी फुलाच्या मागे बारीक लव असलेला इवलासा दुधी दिसतो, तर नर फूल नुसत्या लांब देठावर असते. नुकतेच उमललेले नर फूल देठासह खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात, मधल्या परागकोशाला बोट लावून पाहावे आणि पिवळी भुकटी लागली तरच तो मादी फुलातल्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट भागावर, सर्व बाजूंनी हलकेच फिरवावा. एक नर फूल साधारणपणे दोन मादी फुलांना पुरते. सुरुवातीला बहुधा केवळ नर फुलेच येतात, त्यामुळे वेल वांझ समजून उपटण्याची घाई मुळीच करू नये.

पराग भिजला की निकामी होतो; म्हणून पावसाची झड खिडकीवर येत असेल, तर फुले उमलण्याआधीच वेलाचा तो शेंडा ग्रिलच्या आत वळवून घ्यावा.