बायोप्सी झाली, रिपोर्ट यायचाय? या चुका टाळा

मी डॉक्टर नाही. बँकेत कॅशियर होते, आता निवृत्त. ६ वर्षांपूर्वी माझ्या डाव्या स्तनात गाठ लागली, सुईची बायोप्सी झाली (म्हणजे गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) आणि साधी, कॅन्सर नसलेली फायब्रोॲडिनोमाची गाठ निघाली. तेव्हापासून सांगलीत ओळखीपाळखीत कुणाला गाठ लागली की फोन मला येतो. आतापर्यंत ११ जणींसोबत बायोप्सीच्या खोलीबाहेर बसलेय. चुका त्याच त्या. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते.

“बायोप्सी कशाला, काढूनच टाका”

या वाक्याची मला चीड आहे. कारण ते आमच्या वन्संनी उच्चारलं आणि खरंही करून दाखवलं. सोनोग्राफीत संशय आला होता. सर्जन म्हणाले, आधी सुईने तुकडा घेऊ, रिपोर्टला आठवडा लागेल. वन्सं म्हणाल्या, “आठवडाभर कोण झुरत बसणार?” दुसऱ्या एका लहान हॉस्पिटलात ओळख काढून शुक्रवारी गाठ काढूनही आल्या.

संध्याकाळी त्यांच्या यजमानांच्या हातात बाटली दिली, मिरजेच्या लॅबला पोचवा म्हणून. ते स्कूटरवरून पोचेपर्यंत लॅब बंद. मग खराब होऊ नये म्हणून त्यांनी बाटली घरी आणून फ्रिजमध्ये ठेवली, दह्याच्या पातेल्याशेजारी. सोमवारपर्यंत. आत फॉर्मॅलिन, म्हणजे तुकडा टिकवणारं रसायन, नव्हतंच, नुसतं सलाईन होतं, आणि हे कुणी विचारलंही नव्हतं.

रिपोर्ट कॅन्सरचा आला. गाठीच्या कडेलाही पेशी सापडल्या, म्हणजे थोडा भाग आत राहिलेला. हार्मोन रिसेप्टरच्या तपासणीवर (कॅन्सर हार्मोनमुळे वाढणारा आहे का, हे बघणारी) लॅबने शेरा मारला की तुकडा नीट टिकवलेला नाही, निकालावर भरवसा ठेवता येणार नाही. दुसरं ऑपरेशन झालं, तपासण्या पुन्हा झाल्या. आठवडा वाचवायला गेल्या आणि सव्वा महिना घालवला. (आता ठीक आहेत. साडेचार वर्षं झाली. हे वाचून मला फोन करणार आहेत, माहीत आहे.)

सुईने आधी कळलं असतं तर सर्जनने बेत आखून ऑपरेशन केलं असतं. कडेचा किती भाग घ्यायचा, काखेतल्या गाठी त्याच वेळी तपासायच्या का, की आधी औषधांनी गाठ लहान करायची, हे सगळं त्या चिमूटभर तुकड्यावर ठरतं.

आणि बाटली तुमच्याच हातात दिली तर दोन गोष्टी. “यात फॉर्मॅलिन आहे ना?” असं तोंडाने विचारा. नाव, वय, डावं-उजवं बाटलीवर लिहिलंय का बघा. झाकणावर नको, झाकणं बदलतात. मग थेट लॅब. फॉर्मॅलिन असलं की फ्रिजची गरज नसते.

बायरॅड्स ४ म्हणजे चौथी स्टेज नव्हे

११ पैकी ४ जणींनी हा घोटाळा केलाय. सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर ‘बायरॅड्स ४’ दिसतं आणि घरात रडारड सुरू. तो आकडा संशयाचा आहे, आजाराच्या टप्प्याचा नाही. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून जास्त नाही. ४ मध्ये पुन्हा पोटभाग: ४ए असेल तर २ ते १० टक्के, ४बी म्हणजे १० ते ५०, ४सी म्हणजे ५० ते ९५. म्हणजे ४ए लिहिलेल्या १०० जणींपैकी निदान ९० जणींची गाठ साधीच निघते. ४सी असेल तर मात्र मी खोटा धीर देत नाही. पण स्टेज तिथेही ठरलेली नसते.

त्याच दिवशी न विचारणं

बायोप्सी झाल्यावर बाई पदर सावरून कधी एकदा बाहेर पडते असं करते. थांबा. रिपोर्ट कोणत्या तारखेला, कुणाकडून, समजावून कोण सांगणार, एवढं विचारा. मी फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर लिहून घेते आणि सांगितलेल्या तारखेत स्वतःच दोन दिवस मिळवते.

“उशीर झाला म्हणजे नक्की वाईट असणार,” असं प्रत्येक जण म्हणते. तुकडा आधी कित्येक तास फॉर्मॅलिनमध्ये मुरतो, मग मेणात बसवतात, केसाहून पातळ चकत्या काढतात, रंगवतात, तेव्हा कुठे डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंका आली तर खास रंग देऊन आणखी तपासतात, त्याला वेगळे दिवस. मध्ये रविवार आला, दिवाळी आली, की झालं. लॅबला दिवसातून तीनदा फोन करून मेण लवकर गोठत नाही.

गाठ चाचपत बसणं

माझी स्वतःची चूक. बायोप्सीनंतर तिसऱ्या दिवशी अंघोळीला गेले तर गाठ लिंबाएवढी लागली, भोवती काळंनिळं. पसरला, असं मीच ठरवून मोकळी. ते साकळलेलं रक्त होतं आणि माझ्या चाचपण्याने आणखी दुखरं झालं होतं. पहिला दिवस नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून थोडा थोडा वेळ शेका, ब्रा घट्ट घाला, रात्रीसुद्धा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मनाने नको. आणि हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही मनाने बंद करू नका, बायोप्सीआधी डॉक्टरांना सांगा. सूज भराभर वाढली, जागा लाल-गरम झाली, पू किंवा ताप आला तर मात्र लगेच फोन.

सुई लागली की कॅन्सर पसरतो: नाही. सुई टाळण्यात महिने घालवले तर त्याला वाढायला वेळ मिळतो.

गाठ दुखत नाही म्हणून निश्चिंत राहणं: नको.

हळदीचा लेप: भाजीत घाला.

शनिवारी रात्री रिपोर्ट उघडणं

बँकेतली एक मैत्रीण, वय ३८. शनिवारी रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. भाच्याने मोबाईलवर वाचली. ओळीची सुरुवातच ‘मॅलिग्नन्सी’ या शब्दाने. सासूबाईंनी देव पाण्यात घातले, नवरा मुंबईच्या बसचं बुकिंग बघायला लागला. रविवारी सकाळी मी गेले तेव्हा कुणी दात घासले नव्हते. मी चष्मा लावून वरची ओळ वाचली. तिच्या शेवटी होतं, ‘नो एव्हिडन्स ऑफ’.

भाच्याला मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं.

रिपोर्ट डॉक्टरांसमोरच उघडायचा, सोबत एक माणूस आणि एक पेन. ‘निगेटिव्ह’ शब्दाला घाबरणाऱ्या आणि ‘ईआर पॉझिटिव्ह’ (म्हणजे कॅन्सर आहे, आणि तो इस्ट्रोजेन हार्मोनवर वाढणारा) वाचून पेढे आणायला निघालेल्या, दोन्ही प्रकारच्या बायका मी पाहिल्यात. चांगला रिपोर्ट आला तरी फाईल कपाटात टाकू नका. सोनोग्राफी संशयास्पद आणि तुकडा साधा, असं विसंगत आलं तर डॉक्टर पुन्हा बायोप्सी सांगतात. सुई नेमक्या जागी लागली नसेल ही शंका त्यांना घ्यावीच लागते.

सगळ्यांना सांगणं

मी १४ जणांना सांगितलं होतं. १३ जण म्हणाले, “काही नसतं गं.” चौदाव्याने कुणाच्या तरी मावशीची गोष्ट सांगितली. आता मी दोघांनाच सांगायला लावते, आणि त्यातल्या एकाकडे बाकीचे फोन. “पॉझिटिव्ह विचार कर” म्हणणाऱ्याला त्या आठवड्यात चहासुद्धा देऊ नये. रडू आलं तर रडा. रात्री मोबाईल स्वयंपाकघरात चार्जिंगला. हाताला काम द्या. मी त्या आठवड्यात वर्षाचे गहू निवडले, एकही खडा राहिला नाही. झोप अजिबातच उडाली तर डॉक्टरांना सांगा, शेजारणीची झोपेची गोळी घेऊ नका.

एक राहिलंच. रिपोर्ट काहीही येवो, लॅबकडे तुमच्या तुकड्याचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर त्याच लागतात, म्हणून पावती जपून ठेवा. वन्संची अजून माझ्याच फाईलमध्ये आहे.