गोडी छाटणीनंतरची ओली बाग आणि ट्रॅक्टरचे डिफरन्शियल लॉक: पेडल दाबणे सोपे कसे करावे

नाशिक जिल्ह्यातील निफाड, दिंडोरी आणि चांदवडकडील द्राक्षबागांत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, धांदल असते आणि नेमका याच दिवसांत परतीचा पाऊस काळ्या जमिनीतली ओल हटू देत नाही. कांद्याच्या किंवा मक्याच्या रानात वाफसा येईपर्यंत ट्रॅक्टर शेडमध्ये उभा ठेवता येतो. बागेत मात्र फूट निघाल्यापासून डाऊनी या बुरशीजन्य रोगावरची फवारणी एक दिवसही पुढे ढकलणे परवडत नाही, त्यामुळे ट्रॅक्टरमागचा ब्लोअर (पंख्याचा फवारणी पंप) भरून चिखलातच ओळीत शिरावे लागते. मागचे एक चाक जागच्या जागी फिरू लागले की चालकाची टाच डिफरन्शियल लॉकचे पेडल शोधू लागते. ते जड असेल, चिखलाने माखलेले असेल किंवा पायाला नीट सापडत नसेल, तर टाच तिथे पोहोचेपर्यंत चाकाने चांगला खड्डा पाडलेला असतो.

वळताना बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते आणि ती मोकळीक डिफरन्शियल देते. त्याच मोकळिकीमुळे एक चाक निसरड्या जागी आले की ते एकटेच गरगर फिरते आणि पकड असलेले दुसरे चाक गप्प उभे राहते. लॉक लागल्यावर दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात आणि पकड असलेल्या चाकालाही ओढ मिळते. बहुतेक ट्रॅक्टरवर हे पेडल सीटच्या पुढे खाली, उजव्या टाचेजवळ असते. काही मॉडेलमध्ये त्याऐवजी हाताची दांडी दिलेली असते.

पेडल जड लागते अशी तक्रार घेऊन येणाऱ्या शेतकऱ्याने आधी एक गोष्ट तपासावी, कारण माझ्या अनुभवात निम्म्या वेळा दोष पेडलचा नसतोच. लॉकमध्ये एकमेकांत अडकणारे दाते असतात. दात्यासमोर दाता आला की पेडल अर्ध्यावर थांबते आणि कितीही जोर लावला तरी खाली जात नाही. अशा वेळी क्लच दाबून चाके थांबवावीत, पहिला लो गिअर टाकावा, पेडलवर टाचेचा हलका दाब ठेवावा आणि क्लच अगदी सावकाश सोडावा. चाक थोडेसे सरकताच दाते जुळतात आणि पेडल आपोआप खाली बसते. चाक जोरात फिरत असताना पेडलवर लाथ मारण्याची सवय मात्र महागात पडते. त्यात दात्यांच्या कडा तुटतात, तुकडे तेलात जातात आणि मागची हाउसिंग उघडण्याचा खर्च भर हंगामात अंगावर येतो.

इंजिन बंद, गिअर न्यूट्रल आणि हँडब्रेक लावलेला असताना पेडल हाताने दाबून पाहिले आणि तरीही ते कुरकुरत, अडखळत खाली गेले किंवा सोडल्यावर सावकाश वर आले, तर दोष सांध्यात, म्हणजे पेडल ज्या पिनेवर फिरते तिथे, आहे असे समजावे. बागायतदारांच्या ट्रॅक्टरवर याचे एक खास कारण आढळते. बोर्डो या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशक मिश्रणातले मोरचूद लोखंडाला खाते, आणि फवारणीचे उडालेले तुषार नेमके फूटबोर्डखालच्या पिना आणि बुशांवर जाऊन बसतात. त्यावर संध्याकाळी प्रेशरच्या पाण्याने ट्रॅक्टर धुतला जातो, म्हणजे चिखल आणि पाणी सांध्याच्या आत ढकलले जाते. गेल्या हंगामात दिंडोरी तालुक्यातील एका बागेत पाहिलेल्या पेडलच्या सांध्यातून पिन काढली तेव्हा ती एका बाजूने निम्मी झिजलेली आणि वर हिरवट पूट चढलेली होती. मालकाने मात्र वर्षभर गुडघ्यालाच दोष दिला होता.

उपाय साधा आहे. वायर ब्रशने सांधा घासावा, डिझेलने धुऊन कोरडा करावा, पिन झिजली असेल तर पिन आणि बुश दोन्ही एकदमच बदलावेत आणि ग्रीस निप्पल असेल तर जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. निप्पल नसेल तर पिन काढून ग्रीसचा हात द्यावा. यापुढे ट्रॅक्टर धुतला की त्या सांध्याला ग्रीस, हा नियम ठेवावा. पेडलची दांडी हाउसिंगमध्ये जिथे शिरते तिथे तेल पाझरत असेल तर सील गेले आहे. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे, आणि अशा वेळी पेडलचे काम बाजूला ठेवून आधी तेल बदलावे.

सांधा मोकळा करूनही पेडल जड वाटत असेल, तरच त्याच्या रचनेला हात लावावा. इथे जोर आणि पोहोच या दोन वेगळ्या अडचणी आहेत, आणि फॅब्रिकेशनवाल्याकडे जाण्यापूर्वी आपली अडचण कोणती हे ठरवणे गरजेचे आहे. जोर कमी करायचा असेल तर दांडीची लांबी वाढवावी लागते. समजा सांध्यापासून पावलाच्या पट्टीपर्यंत १५ सेंटीमीटर अंतर आहे आणि १८ किलोचा दाब लागतो, पट्टी २२.५ सेंटीमीटरवर नेली की १२ किलो पुरतात, पण पट्टीचा खाली जाण्याचा प्रवास ४ सेंटीमीटर असेल तर तो ६ होतो. तेवढी जागा खाली हवी. नाहीतर लॉक पूर्ण लागण्याआधीच पट्टी फूटबोर्डवर टेकते, दाते अर्धेच अडकतात आणि ओढ आली की घसरून झिजतात. दुसरे असे की लांब दांडीवर पूर्वीच्याच ताकदीने पाय मारला तर लॉक सरकवणाऱ्या आतल्या फोर्कवर दीडपट भार येतो, म्हणून दांडी वाढवल्यावर पायाची सवयही बदलावी लागते.

पोहोचेची अडचण निराळी आहे. ज्यांना गुडघा मागे घेऊन टाच खाली दाबणे जमत नाही, त्यांच्यासाठी पट्टी थोडी वर आणि पुढे उचलावी, म्हणजे पाऊल फूटबोर्डवर टेकलेले ठेवून चवड्याने दाबता येते. गमबूट घालून काम करणाऱ्यांसाठी पट्टी रुंद असावी आणि वर चेकर्ड पत्रा लावावा. गुळगुळीत लोखंडावर ओला रबर हमखास घसरतो. मात्र शेजारीच ब्रेकची दोन पेडल असतात, तेव्हा नवी पट्टी बसवल्यावर ब्रेक पूर्ण दाबून, बूट घालूनच, दोन्हींमध्ये मोकळी जागा राहते का हे पाहावे.

जोड वेल्डिंगपेक्षा नट-बोल्टने क्लॅम्प करून द्यावा, असे माझे मत आहे. चुकले तर काढता येते, ट्रॅक्टर वॉरंटीत असेल तर मूळ भागाला धक्का लागत नाही आणि वेल्डिंगच्या उष्णतेने जवळचे सील जळण्याची भीती राहत नाही. वेल्डिंग करावेच लागले तर दांडी काढून बाकावर करावे. ट्रॅक्टरवरच करायचे झाल्यास बॅटरीची अर्थ वायर आधी सोडावी. जोडलेल्या पट्टीचे वजन पेडलला खाली ओढते, त्यामुळे परतीची स्प्रिंग पुरेशी आहे की नाही हे हाताने पाच-सहा वेळा दाबून तपासावे. पेडल प्रत्येक वेळी ताडकन वर आलेच पाहिजे, आणि येत नसेल तर जास्त ताणाची स्प्रिंग बसवावी.

काही जण पेडलला उभा पाइप लावून हाताने दाबायची सोय करतात. पाय अधू असलेल्या चालकासाठी ती उपयोगी आहे, पण उजव्याच हाताला हायड्रॉलिकची दांडी आणि बहुधा हँड थ्रॉटलही सांभाळायचे असते, हे लक्षात घेऊन पाइपची उंची ठरवावी. पेडल खाली अडकवून ठेवणारा हूक, साखळी किंवा तारेचा फास कोणत्याही कारणाने लावू नये.

त्याचे कारण ओळीच्या टोकाला कळते. लॉक लागलेला ट्रॅक्टर स्टिअरिंग फिरवले तरी सरळच जाऊ पाहतो, आणि नऊ-दहा फुटांच्या ओळीत सरळ जाणे म्हणजे मांडवाच्या शेवटच्या लोखंडी अँगलवर किंवा त्याच्या ताणाच्या तारेवर जाणे. कोरडी जागा येताच पाय काढावा आणि वळण्यापूर्वी लॉक सुटल्याची खात्री करावी. सुटला नाही तर क्लच दाबून भार उतरवावा. तरीही अडकला तर सरळ रेषेत किंचित पुढे-मागे घ्यावे. लॉक लागलेला असताना एका बाजूचा ब्रेक दाबून वळण्याचा प्रयत्न करू नये. रस्त्यावर तर लॉकचे काम नाहीच, आणि तिथे दोन्ही ब्रेकची पेडल एकत्र जोडलेली असावीत.

लॉक लावण्याची योग्य वेळ चाक फिरू लागल्यानंतरची नसून ओली जागा समोर दिसते तेव्हाची आहे; त्या वेळी चाके सावकाश चाललेली असतात आणि पेडलही हलके लागते. शिवाय ६०० लिटरची टाकी भरली की पाण्याचेच ६०० किलो मागे येतात, म्हणून ओलीचा भाग टाकी निम्मी झाल्यावर घ्यावा किंवा तिथे निम्मीच भरून जावे. मागच्या दोन्ही टायरची हवा आणि झीज सारखी नसेल, तर लॉकवर विनाकारण ताण येतो.

दोन्ही चाके लॉकसकट रुतली, तर रेस वाढवू नये. चाके हलेनात आणि इंजिनचा जोर मात्र चालूच राहिला, तर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाऊन तो मागे उलटू शकतो. चाकाला ओंडका किंवा दगड बांधणे याच कारणाने घातक आहे. चाकांमागचा चिखल फावड्याने काढावा, रिव्हर्समध्ये सावकाश बाहेर पडावे आणि दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढायचे झाल्यास साखळी त्या ट्रॅक्टरच्या खालच्या ड्रॉबारलाच लावावी, वरच्या जोडदांडीला (टॉप लिंकला) नव्हे.

नवी पट्टी बसवल्यावर पहिली फेरी रिकाम्या टाकीने, कोरड्या ओळीत सरळ चालवून करावी. पहिल्या दिवसाची फवारणी संपली की क्लॅम्पचे नट पुन्हा आवळावेत, कारण ब्लोअर चालू असताना बसणाऱ्या हादऱ्यांनी ते पहिल्याच दिवशी ढिले पडतात.