जुनी एमजीबी घेताय? या चुका टाळा

इंग्लंडमध्ये नोकरीत जरा बस्तान बसलं की आपल्यातल्या एखाद्याला उघड्या टपाच्या जुन्या गाडीचं वेड लागतंच. मला लागलं, आणि मी एमजी या ब्रिटिश कंपनीची १९६६ची लाल एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची एमजीबी, घेऊन आलो. 'पूर्ण रिस्टोअर केलेली आहे,' असं विकणारा म्हणाला होता.

पहिली चूक तिथेच झाली. मी रंगावर भाळलो. घरी आल्यावर फ्रिजवरचं लोहचुंबक रुमालात गुंडाळून दाराखालच्या पट्टीवरून फिरवलं, तर वीतभर जागेत ते चिकटेचना. आत पत्र्याऐवजी लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली! या पट्टीला सिल म्हणतात. एमजीबीला वेगळी चॅसिस नाही, बॉडीच तिचा कणा आहे, आणि मागेपुढे तोललेलं वजन या सिलवर असतं. गंजलेल्या सिलवरच नवा पत्रा ठोकून रंग मारला की गाडी फोटोत झकास दिसते. खरं काय ते कळायला दार उघडं ठेवून गाडी जॅकवर उचला आणि मग दार लावून बघा. अडलं, घासलं किंवा फट आवळली, तर तिथून निघा. सिल बदलायच्याच असतील तर दाराच्या चौकटीत आडवी सळई वेल्ड करून मगच जुना पत्रा कापणारा कारागीर शोधा. तसं न करता कापलं की बॉडी मधोमध बसते. मग दारं आयुष्यात नीट लागत नाहीत.

दुसरी चूक कागदांची. व्ही५सी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, हातात आलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं अनेकांना वाटतं. त्या कागदावर मात्र नाव असतं ते 'कीपर'चं, म्हणजे गाडी ज्याच्या नावे नोंदली आहे त्याचं, आणि हा मालकीचा पुरावा नव्हे असं त्यावरच छापलेलं असतं. खरेदीची पावती, जुनी बिलं, आधीच्या मालकांची पत्रं मागाच. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात अ‍ॅबिंग्डनला बनली, बंद टपाची जीटी धरून पाच लाखांहून जास्त. सुटे भाग सहज मिळतात, १९८८पासून तर अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. नवी मिळत नाही ती फक्त या जुन्या कागदांची फाइल.

फाइल आणि गाडी समोरासमोर ठेवून नंबर जुळवा. १९६६च्या रोडस्टरचा चॅसिस नंबर जीएचएन३ने सुरू होतो आणि इंजिनाचा १८जीबीने. १८व्ही दिसलं तर ते सत्तरच्या दशकातलं इंजिन आहे. ४८जी असेल तर कंपनीकडून दुरुस्त होऊन आलेलं बदली इंजिन. यात वाईट काही नाही, पण 'ओरिजिनल' म्हणून जास्त पैसे मोजू नका. चॅसिस नंबरची पाटी रिव्हेटने बसवलेली असते, म्हणजे ती काढून दुसरीकडे लावताही येते. म्हणून गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, कोणत्या देशात रवाना झाली, हे त्यात कळतं. बऱ्याच एमजीबी अमेरिकेला गेल्या आणि परत येऊन त्यांचं स्टिअरिंग उजवीकडे आलं. माझी मूळची लाल नव्हतीच, पांढरी होती!

मीटरवर विश्वास नको. आकडे पाचच, एक लाख मैलांनंतर पुन्हा शून्य. जुन्या एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीच्या, नोंदी ऑनलाइन बघता येतात, पण २०१८पासून चाळीस वर्षांवरच्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना ही तपासणी सक्तीची राहिलेली नाही. त्यामुळे नोंदी मध्येच थांबतात. मी तरी दरवर्षी करून घेतो. ब्रेक बघणारे दुसरे डोळे हवेतच.

आता बॅटरी. १९६७च्या शेवटापर्यंतच्या एमजीबीत पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे धन टोक बॉडीला. आधीच्या कुणी ते उलटं करून घेतलं असेल तर त्याचं बिल फाइलमध्ये सापडायला हवं. मी न बघता नेहमीच्या सवयीने नवा रेडिओ जोडला आणि पाच सेकंदांत धूर काढला.

पेट्रोलचं थोडक्यात सांगतो: ई१०, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल, जुन्या रबरी नळ्या खातं. कमी इथेनॉलचं ई५ भरा, नळ्या बदला, आणि गाडीला पेट्रोलचा वास आला तर ती गॅरेजमध्ये तशीच सोडून जेवायला जाऊ नका.

एकदा सिग्नलला गाडी बंद पडली. चावी फिरवली की मागच्या चाकाजवळचा पेट्रोलचा एसयू पंप टिक-टिक करतो आणि दाब भरला की गप्प होतो. टिक-टिक थांबतच नसेल तर पेट्रोल संपलंय किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय. त्या दिवशी आवाजच नव्हता. मागे हॉर्न वाजत होते आणि मी फाइल चाळत होतो. १९८७च्या एका बिलाच्या पाठीमागे पेन्सिलने लिहिलं होतं: पंप अडला तर पान्याने हलकेच टपली मारा, चिकटलेले पॉइंट्स (पंपातले विजेचे संपर्क) सुटतात. मारली. टिक-टिक सुरू झालं. घरी आल्यावर त्याच कागदावर, त्याच ओळीखाली, मी त्या दिवसाची तारीख टाकली.