गोव्यात भाड्यासाठी फ्लॅट घेताना: आधी हिशेब, मग कागद

कळंगुट-कांदोळी पट्ट्यातले डिसेंबरचे एका रात्रीचे भाडे ऐकून भल्याभल्यांचे डोळे दिपतात. पण दरमहा ठरलेली रक्कम हवी असेल, तर तो आकडा विसरा. पावसाळ्यात पर्यटक रोडावतो, बँकेचा हप्ता मात्र बाराही महिने जातो. शिवाय पर्यटकांना जागा द्यायची तर १९८२च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते आणि परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते. हा पूर्णवेळचा धंदा आहे.

१. भाडेकरू आधी ठरवा, जागा नंतर. वेर्णा औद्योगिक वसाहतीतले कर्मचारी, बांबोळीच्या गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेज) डॉक्टर आणि परिचारिका, ताळगावला विद्यापीठात शिकवणारे, मोपा विमानतळावर काम करणारे. समुद्र दिसला नाही तरी यांचे अडत नाही. बसथांबा, नळाला पाणी आणि दुचाकीला छप्पर मात्र हवे.

२. अकरा महिन्यांचे भाडे धरा, बारा नव्हे. समजा फ्लॅट, स्टॅम्प ड्युटी, नोंदणी आणि किरकोळ सामान मिळून ६० लाख लागले आणि भाडे १८,००० आहे. वर्षाला १,९८,००० आले. सोसायटीचे ३०,०००, घरपट्टीचे ३,००० आणि दुरुस्तीचे १२,००० वजा जाता १,५३,००० उरतात, म्हणजे अडीच टक्क्यांच्या आसपास. आता ४० लाखांचे कर्ज ८.५ टक्क्यांनी २० वर्षांसाठी काढले तर हप्ताच ३४,७०० च्या घरात जातो. दर महिन्याला खिशातून भर घालावी लागेल. याच दराने कर्ज १० लाखांचे असेल तर हप्ता सुमारे ८,७०० येतो आणि करापूर्वी वर्षाला ४९,००० च्या आसपास हाती राहतात. किमती वाढतील या आशेवर कर्ज वाढवणाऱ्याने त्याला भाड्याचे उत्पन्न म्हणू नये.

३. जागा जुलैत पाहा. बाथरूमला लागून असलेली भिंत, खिडकीखालचे कोपरे, कपाटाची मागची बाजू हाताने चाचपा. एकाच भिंतीला ताजा रंग दिसला तर कारण विचारा. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने ग्रिल आणि एसीचे कॉइल लवकर गंजतात, तो खर्च दुरुस्तीत धरा.

४. कागद वकिलाकडून तपासून घ्याच, पण एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा म्हणा) स्वतःही वाचा. कुळाच्या आणि ‘इतर हक्क’च्या रकान्यात नाव असेल तर ‘ते जुने आहे हो’ या उत्तरावर टोकन देऊ नका. सनद (जमीन बिगरशेती केल्याचा आदेश), ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, बोजा नसल्याचा दाखला हे हवेतच. जुने घर घेत असाल तर मुंडकाराचा, म्हणजे मालकाच्या जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहत आलेल्याचा, हक्क आहे का ते पाहा.

गोव्यात खरी गोची होते ती सह्यांवर. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्यामुळे लग्नानंतर मालमत्ता बहुधा नवरा-बायकोची सामायिक असते, म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही लागते. मालमत्ता वडिलोपार्जित असेल आणि वारसांची इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वाटणी) झालेली नसेल, तर सगळे वारस आणि त्यांचे जोडीदार आले. एक बहीण लिस्बनला असली तरी व्यवहार महिनोन् महिने लटकतो.

५. करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, ११ महिन्यांचा करा. डिपॉझिट, वाढ, वीजबिल कोणाच्या नावे, रंगकाम कोणाकडे, हे सगळे लिहून घ्या. चावी देण्याआधी मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीचे फोटो दोघांनी सही करून ठेवावेत. डिपॉझिटचे भांडण तिथेच मिटते. पोलिसांकडे भाडेकरूची पडताळणी बंधनकारक आहे, गावचा ओळखीचा माणूस असला तरी.

६. कराचे गणित सोपे आहे. भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते. पाइप बदलल्याची पावती वेगळी लागू होत नाही. कर्जाचे व्याज त्याशिवाय. सामायिक मालमत्तेची पद्धत लागू असलेल्या जोडप्याचे भाडे प्राप्तिकरात दोघांच्या नावे निम्मे-निम्मे धरले जाते. म्हणून भाडे एकाच्याच खात्यात येत असले तरी विवरणपत्र दोघांनी त्याप्रमाणे भरावे.