माइंड मॅप शेअर करताना या चुका टाळा

‘फाइल उघडली, पण फोटो दिसत नाहीत.’ सॉफ्टवेअरच्या कम्युनिटीत माइंड मॅप (मधल्या विषयातून फांद्या फुटत जाणारा आराखडा) टाकला की पहिलं उत्तर बहुतेक वेळा हेच येतं. निफाडच्या एखाद्या द्राक्ष बागायतदाराने फ्रीप्लेन या माइंड मॅपच्या सॉफ्टवेअरमध्ये अख्ख्या हंगामाचा मॅप केला आहे असं धरा. त्यात एप्रिलची खरड छाटणी आहे, ऑक्टोबरची गोडी छाटणी आहे, डावणी-भुरी या रोगांवरच्या फवारण्या आहेत आणि रोग ओळखता यावा म्हणून पानांचे फोटोही आहेत. पण त्याने नुसती एमएम फाइल (फ्रीप्लेन मॅप जिच्यात सेव्ह करतं ती) चढवली, आणि मॅपमधली सगळ्यात कामाची गोष्टच घरी राहिली.

एमएम फाइल म्हणजे एक्सएमएलमधला साधा मजकूर. फोटो तिच्यात नसतो, फोटोचा पत्ता असतो. फ्रीप्लेनमध्ये फोटो पेस्ट केला की तो मॅपशेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो. एक्समाइंड या दुसऱ्या माइंड मॅप सॉफ्टवेअरची फाइल मुळात झिप, म्हणजे अनेक फाइलींचं एक गाठोडं असते आणि चित्रं तिच्या आतच असतात. त्यामुळे तिकडची सवय असलेले इथे हमखास फसतात.

म्हणून मॅप आधी सेव्ह करा, मग फोटो जोडा. लिंक रिलेटिव्ह ठेवा, म्हणजे फोटोचा पत्ता मॅपच्या जागेपासून धरलेला असू द्या, आणि मॅप व फोटोंचा फोल्डर एकत्र झिप करून पाठवा. स्वतःच्याच लॅपटॉपवर उघडून ‘चालतंय’ म्हणू नका. तिथे जुना पत्ता अजून शाबूत असतो, त्यामुळे चूक दिसतच नाही. दुसरं मशीन हाताशी नसेल तर एमएम फाइल नोटपॅडमध्ये उघडा आणि सी ड्राइव्हने सुरू होणारा पत्ता शोधा. सापडला तर ती लिंक दुसरीकडे तुटणार हे नक्की. शिवाय त्या पत्त्यात बऱ्याचदा तुमच्या कॉम्प्युटरवरचं युजरनेमही असतं.

मिटलेल्या किंवा फिल्टरने लपवलेल्या फांद्याही फाइलसोबत जातात, नोट्सही जातात. व्यापाऱ्याचा मोबाइल नंबर, ठरलेला भाव, मजुरांची उचल, हे सगळं शेअर करायच्या प्रतीतून काढूनच टाका. नुसतं लपवून भागत नाही.

मराठी मजकुराचं दुखणं वेगळं. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर अगम्य दिसतं, आणि शोधताही येत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या. मंगल किंवा नोटो सान्स देवनागरी चालेल. पीडीएफ काढली असेल तर जोडाक्षरं नीट उमटली आहेत का, ते एकदा डोळ्यांखालून घाला.

व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट टाकणं ही तर सर्रास चूक. फोटो दाबला जातो, बारीक अक्षरं पुसट होतात, आणि मुख्य म्हणजे त्यात कुणाला भर घालता येत नाही. फाइलच पाठवा, तीही डॉक्युमेंट म्हणून.

नोडवरचे, म्हणजे मॅपमधल्या एकेका मुद्द्याच्या चौकटीतले शब्दही परक्याच्या नजरेने वाचा. ‘छाटणी’ एवढं लिहिलं की निफाडमध्ये गोडी छाटणी समजेलही, पण सटाण्याकडे अर्ली द्राक्षांची छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते. ‘गोडी छाटणी, ऑक्टोबर, निफाड’ असं लिहायला कितीसा वेळ लागतो? ‘मागच्यासारखंच’ किंवा ‘काकांचा प्लॉट’ असे नोड मात्र तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नाहीत.

सॉफ्टवेअरमधली अडचण विचारायची असेल तर शेकडो नोडचा मॅप कुणाच्या गळ्यात मारू नका. प्रत घ्या आणि फांद्या उडवत जा. तीन-चार नोडमध्येही तोच बिघाड दिसला की तेवढाच मॅप टाका. सोबत फ्रीप्लेनची आणि जावाची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि काय केल्यावर काय झालं ते क्रमाने लिहा. मदत करणारी माणसं आपला वेळ फुकट देतात, त्यांना शोधाशोध करायला लावू नये.

एकाच मॅपवर दोघांनी एकाच वेळी हात घातला की ड्राइव्हवर ‘फायनल’, ‘फायनल नवा’ अशा प्रती साचतात आणि कुणाची फवारणी कुठे नोंदली गेली याचा पत्ता लागत नाही. फांद्या वाटून घ्या. प्रत्येकाची वेगळी फाइल ठेवा आणि मुख्य मॅपमधून तिला लिंक द्या.

आणि परवाना लिहा. तो नसेल तर प्रामाणिक माणूस तुमच्या मॅपला हात लावायला कचरतो. ‘सीसी बाय-एसए 4.0’ (नाव देऊन वापरा, बदलून वाटलं तर याच परवान्याखाली वाटा) एवढं मधल्या नोडच्या नोटमध्ये पुरे. मात्र पानांचे फोटो दुसऱ्या कुणी काढलेले असतील तर त्यांना विचारल्याशिवाय हा परवाना लावू नका.