लोणचे बाहेर, ठेचा फ्रिजमध्ये: चटण्या, सॉस आणि लोणची साठवताना या चुका टाळा

बहुतेक घरांत फ्रिजच्या दाराच्या कप्प्यात केचप, सोया सॉस, व्हिनेगर आणि मधाची बाटली दाटीवाटीने उभी असते, आणि काल कुटलेला ठेचा मात्र ओट्यावर स्टीलच्या डब्यात असतो. यात नेमकी उलटापालट झालेली आहे. व्हिनेगरला आणि मधाला गारव्याची गरज नाही, ठेच्याला आहे. पदार्थ विकतचा की घरचा, बाटलीतला की बरणीतला, असा भेद आपण करत राहतो, म्हणून हा गोंधळ होतो. विचारायचे असते ते एवढेच, की हा पदार्थ कशाच्या बळावर टिकतो. मीठ, आंबटपणा, साखर किंवा कोरडेपणा यांपैकी एक तरी त्यात भरपूर असावे लागते. या यादीत तेल नाही, आणि सर्वांत धोकादायक चूक तिथेच होते.

तेलाच्या भरवशावर राहणे

तेल जंतूंना मारत नाही, ते फक्त हवा अडवते. बुरशीला हवा लागत असल्यामुळे तेलाखाली ती सहसा धरत नाही, आणि त्यावरून तेलात बुडालेली कोणतीही वस्तू सुरक्षित असते असा समज रूढ झाला आहे. परंतु क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला हवा नकोच असते. जमिनीत वाढणाऱ्या लसणावर त्याचे बीजाणू असू शकतात, साध्या उकळीने ते मरत नाहीत, आणि तेलाखालची ओलसर, आंबट नसलेली जागा त्यांना चांगली मानवते. त्यातून तयार होणारे विष अत्यंत घातक असते आणि पदार्थाचा वास किंवा चव त्यामुळे बदलेलच असे नाही. १९८५ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे एका उपाहारगृहात वापरलेल्या, तेलात घालून बाटलीबंद केलेल्या पण थंड न ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे ३६ जणांना या विषाची बाधा झाली होती.

आपल्याकडचा हिरव्या मिरचीचा ठेचा हा त्याच जातीचा पदार्थ आहे. त्यात लसूण असतो, मिरचीतला ओलावा असतो, मीठ चवीपुरते असते आणि वरून सढळ हाताने तेल सोडलेले असते. मिरची तव्यावर भाजून घेतली म्हणून यात फरक पडत नाही, आणि वाढताना पिळलेल्या अर्ध्या लिंबावरही विसंबू नये. ठेचा कुटला की जेवणापुरता बाहेर ठेवावा, उरलेला फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवावा. जास्त केला असेल तर लहान डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाकावा. घरी वाटलेली आले-लसणाची पेस्ट आणि तेलात घातलेला कच्चा लसूण यांनाही हाच नियम लागू आहे.

मग लोणचे वर्षभर फडताळात कसे राहते? कैरी आणि लिंबू मुळातच आंबट असतात. सामू, म्हणजे पीएच, ४.६ च्या खाली असला की हा जिवाणू वाढू शकत नाही, आणि त्यात पारंपरिक पद्धतीने किलोभर फोडींना दोनशे ते अडीचशे ग्रॅम मीठ पडते. तेल तिथे केवळ वरचे झाकण असते.

लोणच्याला बुरा का येतो

एका वर्षी वडिलांच्या रक्तदाबाचा विचार करून मी कैरीच्या लोणच्यातले मीठ निम्म्यावर आणले, बाकी सारे नेहमीसारखेच केले: बरणी उन्हात वाळवली, हिंगाची धुरी दिली, तोंडाला दादरा, म्हणजे फडके, बांधला. श्रावणात दादरा सोडला तेव्हा तेलातून वर डोकावणाऱ्या तीन-चार फोडींच्या कडांवर पांढरट-हिरवी लव दिसली. मीठ कमी केले ही चूक नव्हती. मीठ कमी करूनही बरणी जुन्याच जागी ठेवली, ही चूक होती. कमी मिठाचे लोणचे हे टिकाऊ लोणचे राहत नाही, ते थोडेच घालावे आणि पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावे. दुसरे कारण मला उशिरा लक्षात आले. मोहरीची डाळ तेल पिते, त्यामुळे पंधरा दिवसांत तेलाची पातळी खाली जाते, आणि उघड्या पडलेल्या फोडी पावसाळी हवेत सर्वांत आधी बिघडतात. म्हणून घातल्यानंतर दोन आठवड्यांनी बरणी एकदा पाहावी आणि तेल उतरले असेल तर कडकडीत तापवून पूर्ण गार केलेले तेल फोडी बुडतील इतके वरून ओतावे.

बुरा आलेला थर काढून खालचे लोणचे पुन्हा शिजवून वापरण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी हे उत्तम, कारण बुरशीचे तंतू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात आणि बुरशीची काही विषे उष्णतेने नष्ट होत नाहीत. लोणचे फसफसत असेल, झाकण उघडताच वायूचा आवाज येत असेल, तर फोडी पुरेशा कोरड्या झाल्या नव्हत्या किंवा ओला चमचा बुडाला होता असे समजावे, आणि मुद्दाम आंबवलेले लोणचे नसेल तर ते टाकून द्यावे. मोठी बरणी रोज उघडण्याऐवजी आठवड्यापुरते लोणचे लहान सटात काढण्याची जुनी रीत होती, तिचे कारण हेच होते.

सॉसची तारीख वाचताना होणारी गल्लत

बाटलीवरची मुदत ही न उघडलेल्या बाटलीची असते; उघडल्यानंतरची सूचना वेगळी आणि बारीक अक्षरांत असते. बाटली उघडली त्या दिवशीच झाकणावर मार्करने तारीख लिहावी. केचप आंबट असल्यामुळे बाहेर महिनाभर सहसा बिघडत नाही, पण विदर्भातल्या मे महिन्यात ती सवलत घेऊ नये. फ्रिजमध्ये ते पाच-सहा महिने चांगले राहते. तोंडाशी सुकलेला तपकिरी केचप हवेने काळवंडलेला असतो, तो पुसून टाकला की झाले. बाटली फुगली असेल तर मात्र ती टाकावी. सोया सॉस मिठामुळे बाहेरही टिकतो, फक्त त्याची चव हळूहळू मंदावते.

मेयोनीजबाबत कोणतीही सवलत नाही. कच्च्या अंड्यापासून केलेल्या मेयोनीजवर तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये वर्षभराची बंदी घातली, यावरून त्याचे गांभीर्य लक्षात यावे. बिनअंड्याचे विकतचे मेयोनीजही उघडल्यानंतर फ्रिजमध्येच ठेवावे, आणि तेही आतल्या फळीवर, कारण दाराचा कप्पा हा फ्रिजमधला सर्वांत उबदार भाग असतो.

ज्यांना फ्रिज नको, आणि ज्यांना थोडा चालतो

मध फ्रिजमध्ये लवकर साखरतो. साखरलेला मध बिघडलेला नसतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. मिठातले कोकम आगळ काचेच्या बाटलीत वर्षभर बाहेर राहते. मुरांबा पक्क्या पाकाचा असेल तर बाहेर ठेवावा, साखर कमी घातली असेल तर फ्रिजमध्ये. ओल्या खोबऱ्याची चटणी मात्र त्याच दिवशी संपवावी. कोकणातल्या उन्हाळ्यात ती दुपारपर्यंतही टिकत नाही.

शेंगदाणा, तीळ, कारळे आणि सुके खोबरे यांच्या कोरड्या चटण्यांचा शत्रू जंतू नसून खवटपणा आहे. त्यांतले तेल हवेने आणि उष्णतेने बिघडते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर तीन-चार आठवडे आणि फ्रिजमध्ये दोन-तीन महिने असा हिशोब धरावा. इथे लोक एक गोष्ट हमखास विसरतात: गार डबा बाहेर काढून लगेच उघडला की हवेतले बाष्प चटणीवर जमते आणि कोरडी चटणी ओली होते. हव्या तेवढ्या चटणीचा डबा वेगळा करावा आणि तो खोलीइतका उबदार झाल्यावरच उघडावा. शेंगदाण्याच्या चटणीवर बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी सगळा डबा टाकून द्यावा.

शेवटी, विनाकारण फेकल्या जाणाऱ्या दोन गोष्टींविषयी. फ्रिजमधल्या लोणच्यावर दिसणारा पांढरट, दाणेदार थर पुष्कळदा गोठलेले शेंगदाणा तेल असते. चमचाभर लोणचे वाटीत काढून अर्धा तास बाहेर ठेवले आणि थर विरघळला तर ते तेल, लव तशीच राहिली तर बुरा. आणि लिंबाच्या रसात घातलेला लसूण हिरवट-निळा झाला, तर ती लसणातल्या गंधकयुक्त घटकांची आम्लाशी झालेली प्रक्रिया असते. तो लसूण खाण्यास हरकत नाही.